सरांनी पाणी मागितलंय

सिव्हिल इंजिनीअरिंगला येणाऱ्या मुली दोन प्रकारच्या असतात, असं आमचे सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. ज्यांना कॉम्प्युटर मिळालं नाही त्या, आणि ज्यांच्या घरच्यांना कॉम्प्युटर आणि सिव्हिल यांतला फरक कळला नाही त्या. वर्ग हसला. मीही हसले, कारण मी दोन्ही प्रकारांत बसत होते, आणि शिवाय न हसणारी मुलगी सरांच्या डोळ्यांत चटकन भरायची.

कॉलेज बारामतीत, हॉस्टेल त्याच आवारात, आणि घर इंदापूरच्या पलीकडं, गावापासून लांब रानातल्या वस्तीवर. तात्या, म्हणजे माझे वडील, कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी बांधकामाचं शिकती." समोरचा म्हणायचा, "म्हंजी गवंडी व्हणार म्हणा की." तात्याही त्याच्याबरोबर हसायचे. माझ्या शिक्षणावर हसायची ज्याला त्याला मुभा होती. मी मात्र मनात पक्कं धरलं होतं की चार वर्षं काढायची, नोकरी धरायची आणि हसणाऱ्यांकडं मागं वळून बघायचंसुद्धा नाही.

पूल, इमारती, रस्ते यांत माझा जीव रमला नाही. पर्यावरणाचा विषय लागला आणि मी जागी झाले. पाणी कुठून येतं, त्यात काय काय मिसळतं, ते कसं काढायचं, हे सगळं मला आधीपासून अर्धवट माहीत असल्यासारखं वाटायचं. प्रयोगशाळेत पाण्याचा जडपणा मोजायचा एक साधा प्रयोग असतो. पाण्यात रंगद्रव्याचा एक थेंब टाकला की ते डाळिंबी होतं, मग वरच्या काचेच्या नळीतून औषध थेंब थेंब सोडायचं, आणि डाळिंबी रंगाचा निळा झाला की थांबायचं. जितकं औषध जास्त लागेल तितकं पाणी जड. कॉलेजच्या नळाचं पाणी लगेच निळं व्हायचं. मला प्रश्न पडायचा की आमच्या विहिरीचं पाणी निळं व्हायला नळी तरी पुरेल का.

सर शिकवायचे उत्तम. हे मला आजही कबूल करावं लागतं आणि त्याचा रागही येतो. मूर्ख माणसानं छळलं असतं तर विसरून गेले असते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाणी खोटं बोलत नाही, पाणी आणणारा बोलतो." नमुना कसा घ्यायचा हे त्यांनी जितकं नीट शिकवलं तितकं पुढं कुणीच शिकवलं नाही. बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, तोंडाला बोट लावायचं नाही, काठावरचं पाणी घ्यायचं नाही. पण शिकवता शिकवता ते एखाद्याला असे सोलायचे की उरलेला तास त्या पोराला मान वर करता यायची नाही. पोरांना ते आवडायचं, कारण एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांची सुट्टी असायची.

माझी पाळी तिसऱ्या वर्षी आली आणि संपलीच नाही. सर सांगत होते की कॅनॉलच्या पट्ट्यातल्या विहिरींना पाझराचं पाणी मिळतं, त्यामुळं त्या गोड असतात, या भागातल्या लोकांनी पाण्याबद्दल तक्रार करणं म्हणजे भरल्या पोटी रडणं. मी हात वर केला आणि म्हणाले, "आमची न्हाय सर."

बोलायचं होतं "नाही". हॉस्टेलच्या मुलींकडून मी ते शिकूनही घेतलं होतं. पण विहिरीचा विषय निघाला आणि तोंडातून घरचं निघालं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "न्हाय?" वर्गात हसू फुटलं. त्या दिवसापासून मी न्हाय झाले. हजेरी घेताना सर माझ्या नंबरापाशी थांबायचे आणि विचारायचे, "न्हाय आली का?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "न्हाय हाय सर." हा विनोद डिग्री संपेपर्यंत पुरला. एका शब्दावर इतकी माणसं इतके दिवस हसू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता विहिरीचं सांगते. ती आजोबांच्या काळात गोड होती असं सगळे सांगतात. मग ऊस आला. उसाला पाणी लागतं, पाणी आलं की खत लागतं, आणि आमच्याकडं दोन्ही हात सैल सोडून देतात. शेजाऱ्यानं युरियाच्या दोन गोणी टाकल्या की आमच्याकडं तीन पडायच्या. वर्षानुवर्षं ते सगळं झिरपून विहिरीत उतरलं. बांधाच्या कडेला जमिनीवर पांढरी पापडी धरली. पाण्यात साबणाला फेस येईना, डाळ शिजेना, चहात दूध घातलं की फाटायचं. कुणी कारखान्याला शिव्या देतं, कुणी सरकारला. आमच्या विहिरीचं वाटोळं आम्हीच केलं होतं, आणि ते बोलून दाखवायची वस्तीवर सोय नव्हती.

बोलायची सोय नसण्याचं कारण माझा भाऊ. दादा माझ्याहून मोठा, शेती बघणारा, निर्व्यसनी, दिसायला बरा, आणि लग्नाचा राहिलेला. मुलीकडचे आता लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला असलेला पोरगा चालेल म्हणतात, शेतीवाला नको. त्यातून एखादं स्थळ वस्तीवर आलंच तर बसायच्या आधी पहिला प्रश्न, "पाण्याचं काय?" खाऱ्या विहिरीच्या घरात पोरगी देत नाहीत. पाणी वाहून तिची कंबर मोडेल हे त्यांना कळतं. आई सांगायची, "आमच्या हिरीला गोड पाणी हाय." आणि तांब्या पुढं करायची.

तांब्यात असायचं जारचं पाणी. दादा गावातल्या फिल्टरच्या प्लांटवरून मोटारसायकलला बांधून जार आणायचा. तो जार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वर स्वच्छ फडकं टाकलेला. पाहुण्यांना आणि आजाऱ्याला जारचं, आम्हाला विहिरीचं, हा घरचा कायदा. मी हॉस्टेलवरून घरी गेले की पहिला दिवस मला जारचं मिळायचं, दुसऱ्या दिवसापासून विहिरीचं. आईनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण तांब्याची चव सांगायची की माझं पाहुणेपण संपलं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी आमची विहीर घेतली. हट्टानंच घेतली. जोडीदार म्हणून माझ्या वाट्याला बारामतीच्या एका डॉक्टरांची मुलगी आली. स्वभावानं वाईट नव्हती, तिला फक्त कशाशीच घेणंदेणं नव्हतं. त्याच सुमारास कॅम्पसला एक पाणी शुद्धीकरणाची कंपनी आली आणि तिनं मला निवडलं. आमच्या वर्गातून एकटीला. अट एकच, याच उन्हाळ्यात सगळ्या विषयांत पास होऊन निकाल हातात हवा. प्रोजेक्ट अडकला तर नोकरी गेली. नोकरी गेली तर मी वस्तीवर, आणि मग पाहुणे दादासाठी नाही, मला बघायला येणार, हे तात्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "यंदा पास झालीस तर तू मोकळी," ते म्हणाले होते, "न्हाय तर आमी मोकळं."

नमुना घ्यायला आम्ही दोघी तिच्या स्कूटीवरून गेलो. ती विहिरीपर्यंत आलीच नाही. उसाच्या सरीत साप असतात असं तिनं ऐकलं होतं, म्हणून बांधावर गाडीपाशी उभी राहून फोन बघत होती. मी एकटीनं सगळं सरांनी शिकवल्याप्रमाणं केलं. प्रयोगशाळेत येऊन औषध सोडायला लागले तर डाळिंबी रंग हलेना. नळी रिकामी झाली, परत भरली. खतातून उतरणारं नायट्रेट तर इतकं आलं की मी तीनदा करून बघितलं. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र बुडवलं, आकडा दोन हजारांच्या पुढं गेला. मला आनंद झाला, आता उगाच का लपवू. आयुष्यभर जे पाणी प्यायले ते किती वाईट आहे हे कळून माणसाला आनंद व्हावा, असं ते शिक्षण होतं.

प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला सगळा वर्ग बसलेला. समोर सर आणि शेजारी एक मॅडम, ज्या प्रत्येक रिव्ह्यूला मोबाईलमध्ये बघत बसायच्या. सरांनी माझे आकडे वाचले, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं वाईट पाणी पिऊन तू एवढी धडधाकट कशी गं?" वर्ग हसला. मग ते माझ्या जोडीदारणीकडं वळले. "तू होतीस ना? हिनं बाटली भरताना तू पाहिलंस?"

ती म्हणाली, "सर, मी गाडीपाशी होते."

खोटं नव्हतं त्यात काही. मी तिच्याकडं बघितलं, तिनं केस कानामागं सारले. सर म्हणाले, "म्हणजे पाणी कुणी पाहिलं नाही, आणणारी मात्र दिसते आहे." त्यांनी ठरवलं की नवा नमुना येईल, आणि तो मी भरायचा नाही, त्याला मी हातही लावायचा नाही, घरी फोन करून काही शिकवायचंही नाही. कॅनॉलच्या पट्ट्यातल्या विहिरी गोड असतात हे त्यांनी इतक्या वर्षांच्या इतक्या वर्गांना सांगितलेलं होतं. एका न्हायनं ते मोडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. मग माझ्याकडून तात्यांचा नंबर घेऊन त्यांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला.

"नमस्कार, मी तुमच्या मुलीच्या कॉलेजमधून बोलतोय, तिचा सर. तुमच्या घरचं पाणी हवं होतं. एक बाटलीभर."

तात्या गडबडले. "पाणी? देतो की सर. कवा पायजे?"

"बाटली आम्ही पाठवतो. भरून, बूच घट्ट लावून परत पाठवा. लवकर."

"व्हय सर. आणू की. त्यात काय एवढं."

विहिरीचं, हा शब्द सर बोलले नाहीत. मी ते ऐकलं होतं, पण मला तेव्हा ते खटकलं नाही. घरचं पाणी म्हणजे विहिरीचंच, दुसरं कुठलं? बाटली एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती इंदापूर स्टँडवर गेली. वर सरांच्या सहीची पट्टी होती, ती भरल्यावर बुचावर चिकटवायची. मी शब्द पाळला, घरी फोन केला नाही.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. तात्यांनी घरी येऊन सांगितलं, "सरांनी पाणी मागितलंय." बस, एवढंच. आमच्याकडं कुणी पाणी मागितलं की त्याचा एकच अर्थ होतो. उन्हातून आलेला माणूस दारात उभा राहिला आणि पाणी मागितलं की घरातलं चांगलं असेल ते द्यायचं, वैरी असला तरी. इथं तर पोरीचा सर मागत होता. आईनं जारवरचं फडकं बाजूला केलं, बाटली आधी त्याच पाण्यानं विसळली, मग भरली. विसळायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाहुण्याच्या भांड्याला ती तसंच करायची. पट्टी नीट दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी रानात उतरलेली, तात्या आणि दादा दोघांनाही हलता येईना. म्हणून आई लग्नाकार्याची साडी नेसून, बाटली पिशवीत घालून, एकटी बारामतीला निघाली.

तिला कॉलेजच्या व्हरांड्यात बघून मला जितका आनंद झाला तितकीच भीती वाटली. माझ्या वर्गातल्या कुणी तिला काही बोललं तर मी काय करीन, याची भीती. पण झालं उलटंच. आमच्या वर्गातला एक मुलगा पुढं आला आणि वाकून तिच्या पाया पडला. तो माळशिरसकडचा. "काकी, मी तुमच्या पाव्हण्यांच्या गावचा," तो म्हणाला. "आमच्या भावकीतलीच पोरगी बघितलीया न्हवं तुमच्या दादाला? तिच्या घरची येत्या रविवारी घर बघायला येणार हायती."

आईनं पदर सावरला. "व्हय बाबा. येऊ द्या की."

"पाण्याचं बरं हाय म्हणं तुमच्याकडं."

"गोड हाय," आई म्हणाली.

मी शेजारीच होते. हे असं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्यामुळं त्यात मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या रिव्ह्यूसाठी आम्हाला आत बोलावलं. आईला सरांनी खुर्ची दिली, पण ती भिंतीला टेकून उभी राहिली. सरांनी बाटली घेतली, पट्टी बघितली, सही बघितली, वर्गाला दाखवली. मग पेन काढून बाटलीत बुडवलं. आकडा आला चाळीसच्या आसपास.

मला हसूच आलं. भोळेपणानं. इथल्या काळ्या रानात चाळीस आकड्याची विहीर असूच शकत नाही, हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं. इतकं निर्मळ पाणी एक तर ढगातून येतं नाहीतर फिल्टरमधून. मी म्हणाले, "सर, हे विहिरीचं नाही. हे जारचं पाणी आहे. आईचा गैरसमज झालाय. तुम्ही पाणी मागितलंत, तिनं पाहुण्याला देतात ते दिलं."

माझ्या भाषेत त्या दिवशी एकही न्हाय नव्हता. मॅडमनी मोबाईल खाली ठेवला. मी सरांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्यांना पेन बाहेर काढायच्या आधीच कळलं होतं. त्यांनी आयुष्यभर पाणी मोजलं होतं. एका वाक्यात ते मिटवू शकले असते, "जा, मीच येतो, मीच भरतो." ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी आईकडं वळून अतिशय अदबीनं विचारलं, "मावशी, तुमची मुलगी म्हणते की तुम्ही विहिरीचं म्हणून विकतचं पाणी आणलंत. खरं का?"

अख्खा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं दुसऱ्या बाकाकडं बघितलं, जिथं तो माळशिरसचा पोरगा बसला होता. तोही ऐकत होता, सगळे ऐकत होते तसंच. मी मनात म्हणत होते, बोल, खरं म्हण, एवढं एक म्हण, हसले तर हसू देत.

"न्हाय सायेब," आई म्हणाली. "हिरीचंच हाय. आमच्या हिरीला गोडच पाणी हाय."

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. सर हळूच म्हणाले, "न्हाय," आणि मग ते हसू आलं, पण दबकं. "पाणी खोटं बोलत नाही," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही, सगळ्यांना पाठ होतं. मी म्हणाले, आई, अगं सांग ना. ती जमिनीकडं बघत उभी राहिली. मी म्हणाले, सर, जडपणा मोजून बघा, नायट्रेट करून बघा, फिल्टरच्या पाण्यात काहीच निघणार नाही. सर म्हणाले, "विहिरीची मालकीण समोर उभी आहे, आता आणखी कशाला?" मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या जोडीदारणीनं खांदे उडवले, म्हणजे तिला यात पडायचं नाही असं.

पहिले आकडे मी बनवले असा निष्कर्ष निघाला. प्रोजेक्ट नापास, पुन्हा नव्यानं, नव्या विषयावर, पुढच्या वर्षी. जोडीदारणीला वेगळं काम देऊन याच उन्हाळ्यात पास केलं, कारण ती गाडीपाशी होती. कंपनीचा फोन आला तेव्हा मी खरं तेच सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, "सॉरी हं," आणि तिनं ते इतक्या गोड आवाजात म्हटलं की मी तिला उलटं थँक्यू म्हणून बसले. पुढं मी पास झाले. आता एका लहानशा प्रयोगशाळेत पाणीच तपासते, आणि बाटली मी स्वतः भरल्याशिवाय कुणाचं पाणी घेत नाही. मला बघायला आलेल्या पाहुण्यांचं मी काय केलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

दादाचं लग्न त्याच माळशिरसच्या घरी जमलं. रविवारी आले, तांब्यातलं पाणी प्यायले, तोंड भरून बोलले. आमच्या वर्गातल्या पोरानं गावात सांगितलंच होतं की त्यांच्या विहिरीचं पाणी कॉलेजात तपासलंय, मशीननं गोड दाखवलंय. एवढा दाखला कुठल्या स्थळाला मिळतो? वहिनी आली. हळद उतरेपर्यंत तिला जारचं पाणी मिळालं.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या रिव्ह्यूच्या दिवशीचं, परतीच्या वाटेचं. सरांनी मला आईला घरी सोडून यायला दोन दिवसांची रजा दिली. ती रजा देताना त्यांचा आवाज इतका मऊ होता की बघणाऱ्याला वाटावं, काय देवमाणूस आहे. आम्ही बारामती स्टँडवरून इंदापूरची एस.टी. धरली. कंडक्टरनं बायकांची दोन अर्धी तिकिटं फाडली. आईला खिडकी दिली. पिंपळी मागं पडली.

मग मीच विचारलं, "जारचंच भरलं हुतंस ना?" तिच्याशी मी घरच्याच भाषेत बोलायचे.

"मग?" ती म्हणाली. "सरांनी पाणी मागितलं. मागणाऱ्याला खारं पाणी द्यायचं व्हय? मला येवढं बी कळत न्हाय असं वाटतंय तुला?"

"ते तपासायला हवं हुतं. प्यायला न्हाय."

"मला कोण सांगणार ते? तू फोन बी केला न्हाईस."

हे बरोबर होतं आणि यात तिची चूक नव्हती. इथवर मला तिच्यावर राग नव्हता, उलट कीव येत होती, त्या साडीची, त्या नीट दाबलेल्या पट्टीची. मी म्हणाले, "मग तितं खरं का न्हाय बोललीस? मी सांगितल्यावर तर कळलं हुतं तुला."

"कळलं हुतं."

"मग?"

"त्यो पोरगा हुता तितं."

"माजी नोकरी गेली आई. वरीस गेलं. मला खोटारडी ठरवली सगळ्यांसमोर."

तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. निमगाव केतकीच्या अलीकडं डाळिंबाच्या बागा लागल्या होत्या. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिनं काढला नाही. उलट थोपटायला लागली, लहानपणी ताप आला की थोपटायची तसं.

"नोकरी दुसरी मिळंल," ती म्हणाली. "त्येला आता बायकू मिळायची न्हाय. हे स्थळ गेलं असतं तर संपलंच हुतं. आन् तुजं काय, तू त्या घरातनं जाणारीच हायेस. आज न्हाय तर उद्या. त्येला ती हीर सोडून कुठं जाता येतंय?"

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. रडत म्हटलं असतं तर मीही रडले असते. ती मला समजावून सांगत होती, आणि मला ते समजेल अशी तिला खात्री होती.